रिटेन्ड लिस्ट

केव्हिन एलिसनला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवर, रात्री दीड वाजता, एका छोट्याशा क्लिपमध्ये. टक्कल असलेला, चाळिशी ओलांडलेला माणूस गोल मारतो आणि सहकाऱ्यांच्या मिठीत न जाता समोरच्या संघाच्या मॅनेजरकडे धावत सुटतो. त्याच्यासमोर जाऊन बेंबीच्या देठापासून ओरडतो. हंगाम २०२०-२१चा, कोविडचा. चौथ्या पातळीवरच्या, म्हणजे लीग टूमधल्या, न्यूपोर्ट आणि मोरकॅम यांच्यातल्या सामन्यात एवढा जीव तोडून ओरडण्यासारखं काय असतं, असं वाटलं.

मी कोल्हापूरचा. समोरच्या बेंचपुढे जाऊन गोल साजरा केला की पुढे काय होतं, हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या कुठल्याही शेंगदाणेवाल्याला विचारा. त्यामुळे काहीतरी जुनी खुन्नस असणार हे कळलं. मग झोप गेलीच होती म्हणून मी एलिसनचं करिअर वाचत बसलो, आणि सकाळ झाली.

जन्म १९७९, लिव्हरपूल. डावीकडून खेळणारा मिडफिल्डर. ऑल्ट्रिंगम नावाच्या नॉन-लीग क्लबातून २००१मध्ये त्याला थेट लेस्टर सिटीने उचललं. लेस्टर तेव्हा प्रीमियर लीगमध्ये होतं. एलिसनच्या नावावर प्रीमियर लीगचा एकच सामना आहे, आणि तो ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. सिनेमा असता तर इथून सुरू झाला असता. पण इथे तो त्याच वर्षी स्टॉकपोर्टला गेला. मग लिंकन, चेस्टर, हल, ट्रॅनमिअर, पुन्हा चेस्टर, रॉदरहॅम. हलमध्ये असताना २००५ला क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये चढला, पण पुढच्या वर्षी एलिसन ट्रॅनमिअरला, खालीच. एसटीत खिडकीची जागा मिळावी आणि पुढच्याच स्टॉपवर उतरायची वेळ यावी, तसं.

२०११मध्ये तो मोरकॅमला आला. स्पेलिंगमध्ये एक 'बी' असतो, तो उच्चारत नाहीत. समुद्रकाठचं छोटं गाव, क्लबचं टोपणनाव 'श्रिम्प्स', म्हणजे कोळंबी. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये ९२ क्लब आहेत, वरच्या डिव्हिजनमध्ये २० आणि खालच्या तिन्हींत २४-२४. मोरकॅम तेव्हा त्या शिडीच्या तळाला चिकटलेला. हंगामात ४६ सामने खेळायचे ते कशासाठी, तर पुढच्या वर्षी हेच ४६ सामने पुन्हा खेळायला मिळावेत म्हणून. २०१८मध्ये तर शेवटच्या दिवशी कॉव्हेंट्रीशी ०-० बरोबरी झाली आणि क्लब निव्वळ गोलफरकावर वाचला. बार्नेट खाली गेला. एलिसन या सगळ्यात नऊ वर्षं होता. तीनशेहून जास्त सामने. वयाच्या बत्तीसपासून एक्केचाळीसपर्यंत, म्हणजे ज्या वयात बाकीचे टीव्हीवर बसून मतं देतात त्या वयात. याच काळात त्याने आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली. खालच्या लीगच्या ड्रेसिंगरूममध्ये हे बोलायला काय लागत असेल याचा मी अंदाजच करू शकतो. आमच्याकडे तर गुडघा दुखतोय हेसुद्धा कुणी कबूल करायचा नाही.

आता त्या लिस्टबद्दल. हंगाम संपला की तिथले क्लब वेबसाइटवर एक यादी लावतात: कोण राहणार, कोणाला नवीन ऑफर दिली, कोणाला सोडलं. रिटेन्ड लिस्ट. खालच्या लीगमध्ये करार बहुतेक एक-दोन वर्षांचे, त्यामुळे ही यादी दर उन्हाळ्यात अर्ध्या संघाच्या डोक्यावर टांगलेली असते. पोरांच्या शाळा, घराचं भाडं, सगळं त्या एका पानावर. आठ उन्हाळे एलिसनचं नाव बरोबर बाजूला होतं. २०२०च्या उन्हाळ्यात नव्हतं. मॅनेजर नवीन होता. एलिसन नंतर जे बोलला त्याचा सूर असा, की काढलं याचं दुःख नाही, ज्या पद्धतीने काढलं त्याचं आहे.

हे वाचून मी फोन खाली ठेवला.

मी आमच्या तालमीच्या संघात चार वर्षं मिडफिल्डला खेळलो. फार भारी नव्हतो, पण सकाळी सहाला मैदानावर पहिला मी असायचो आणि लोक मला नंबरवरून ओळखायचे. पेठेतल्या चहावाल्याने सामन्याच्या दिवशी कधी पैसे घेतले नाहीत, ही माझी तेव्हाची श्रीमंती. पाचव्या हंगामाआधी संघाने बाहेरून दोन खेळाडू आणले. चांगले होते, माझ्यापेक्षा खूपच. मला कुणी काही सांगितलं नाही. मी सरावाला जात राहिलो, आणि एके दिवशी नवीन जर्सींचा गठ्ठा सुटला तेव्हा माझा आठ नंबर दुसऱ्याच्या अंगात होता. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाला, "भावा, पाणी कुठंय रे?" मी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. मग पुण्यात नोकरी, दर वर्षी रिन्यू होणारं कॉन्ट्रॅक्ट, आणि जूनमध्ये एचआरच्या मेलची वाट बघणं. घरी कुणी विचारलं, "फुटबॉल का सोडलास?" तर मी म्हणायचो, "करिअर बघायचं होतं."

करिअर म्हणजे वर जाणं, असं आपण धरूनच चालतो. पॅकेज वर, पोस्ट वर, फ्लॅटचा मजला वर. एलिसनचं करिअर बाजूबाजूने गेलं. वीस वर्षं तो जवळजवळ त्याच पातळीवर क्लब बदलत खेळला. मला पहिल्यांदा हे वाचताना त्याची कीव आली होती, हे कबूल करतो. नंतर विचार केला, बेचाळिसाव्या वर्षी ज्याला अजून खेळायचा पगार मिळतोय त्याची मी, बत्तिशीत जिना चढून धापा टाकणारा, कीव करणार!

मोरकॅमने सोडल्यावर तो न्यूपोर्ट काउंटीला गेला. (हे गाव वेल्समध्ये, पण क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतो. सीमाभागातल्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही.) तिथूनच त्याने जुन्या क्लबाविरुद्ध तो गोल मारला आणि जुन्या मॅनेजरसमोर धावला. तोच मॅनेजर, डेरेक ॲडम्स. पुढे प्ले-ऑफच्या सेमीफायनलमध्ये फॉरेस्ट ग्रीनविरुद्धही एलिसनने गोल केला आणि न्यूपोर्ट वेम्बलीला पोहोचलं. फायनल ३१ मे २०२१. समोर कोण? मोरकॅम. एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टी, १-०, आणि मोरकॅम इतिहासात पहिल्यांदाच लीग वनमध्ये गेलं. नऊ वर्षं ज्या क्लबाला त्याने तळातून घसरू दिलं नाही, तो वर चढला आणि हा दुसऱ्या बाजूला. २०१०मध्ये तो रॉदरहॅमचा होता, तेव्हाही प्ले-ऑफची फायनल गेली होती, डॅगनमकडून ३-२.

म्हणजे ॲडम्सचा हिशेब चुकला होता असं कुणी म्हणू शकत नाही. संघ वर गेला, विषय संपला. आमच्या तालमीनेही त्या वर्षी स्पर्धा जिंकली. नवीन पोरं खरंच चांगली होती. तरीही ती क्लिप मी अजून सेव्ह करून ठेवलीय आणि दर वेळी एलिसन धावायला लागला की माझ्या पोटात काहीतरी हलतं.

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. रंकाळ्यावर तोच कॅप्टन भेटला, पोट सुटलेलं, कडेवर पोरगी. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "जानेवारीत जुन्या खेळाडूंची मॅच ठेवतोय. येणार का?"

मी म्हटलं, "नंबर कुठला देणार?"

त्याला काही आठवलं नाही. पोरीच्या हातातली भेळ सांडली होती, ती तो गोळा करत होता. "तुझा कुठला होता?" त्याने विचारलं.

"आठ," मी म्हटलं. आणि मग, रंकाळ्यावर, दिवाळीच्या गर्दीत, त्याला ती पाण्याची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.