बापूकुटी : घराचें झालेलें मंदिर

विलायतेंतील खेड्यांत उपासक न उरल्यामुळें बंद पडलेल्या कांहीं जुन्या चर्चांचीं लोकांनीं राहतीं घरें केलीं आहेत. देवाच्या मापानें बांधलेली उंच वास्तु माणसाच्या मापाची करावयाची, हें त्यांतील खरें कठीण काम. आमच्या वर्धा जिल्ह्यांत मात्र याच्या उलट प्रकार घडला. तो पहावयाचा असल्यास वर्ध्याहून सुमारें पांच मैलांवर असलेल्या सेवाग्रामास जावें.

१९३६ सालीं गांधीजी या गांवीं राहावयास आले. मीराबेन यांनीं स्वतःसाठीं बांधविलेली कुटी पुढें त्यांचें निवासस्थान झाली. मातीनें लिंपलेल्या भिंती, वर कवेलूंचें उतरतें छप्पर, खालीं सारवलेली जमीन; भिंतीवर मातीनेंच उठविलेलीं ताडाचीं झाडें. एवढेंच वैभव! प्रार्थना बाहेर, उघड्या आकाशाखालीं होई. तिच्यासाठीं भिंती उभारल्याच नव्हत्या.

१९४६ च्या ऑगस्टांत गांधीजी येथून गेले, ते परतले नाहींत. तेव्हांपासून लोक या घरास मंदिर मानूं लागले. उंबऱ्याशीं माझेहि हात नकळत जोडले गेले. पण दगडी देवालय उपेक्षा सोसूनहि शतकें उभें राहतें; मातीच्या घरास तें साधत नाहीं. त्याचे कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, जमीन सारवावी लागते. ही नित्याची सेवा हीच येथील खरी पूजा होय. भक्तीच्या भरांत कोणी येथें संगमरवर बसविला, तर मंदिर मोठें होईल. परंतु ज्याचें मंदिर झालें, तें घर उरणार नाहीं.