तीव्र मध्यम आणि सैतान

हेवी मेटल या संगीताचा उगम कोठे झाला, असा प्रश्न त्याच्या चाहत्यांच्या बैठकीत टाकावा आणि स्वस्थ बसून ऐकावे. संध्याकाळ कशी सरली ते कळत नाही. कोणी म्हणतो, १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्लू चीअर' या त्रिकुटाने कानठळ्या बसविणारी ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हाच मेटल जन्माला आले. दुसरा 'लेड झेपेलिन'चे नाव घेतो, तिसरा 'डीप पर्पल'चे. चौथा आणखी मागे जाऊन १९६४ सालच्या 'किंक्स'च्या खरखरीत गिटारीपर्यंत पोहोचतो. भाऊबंदांनी वंशावळीवरून भांडावे, तशातला हा प्रकार.

आम्ही या वादांचे जुने श्रोते आहोत. रविवारी मिस्सेला गायनवृंदात उभा राहणारा आणि एरवी गिटारींच्या या गडगडाटात रमणारा माणूस दोन्हीकडे थोडा संशयास्पद ठरतो. धर्मग्रामातील पालक काळजीने विचारतात, "हे सैतानाचे संगीत तर नव्हे ना?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की चाहत्यांचा तो न संपणारा वाद कामी येतो.

उगमाविषयी आमचे मत विचाराल तर आम्ही इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीकडे बोट दाखवू. इटालियन कुटुंबातील टोनी आयोमी हा तेथला तरुण लोखंडी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय अवघे सतरा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. जळालेल्या हाताच्या दोनच बोटांनिशी अद्भुत गिटार वाजविणाऱ्या जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका कोणीतरी त्याला ऐकविली आणि त्याला धीर आला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे घडविली, त्यांवर कातडे चढविले, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या ध्वनिमुद्रिकेसाठी त्याने गिटारीची पट्टीच तीन अर्धस्वरांनी खाली उतरविली. तारा सैल झाल्या आणि आवाज अधिक जड, अधिक काळोखा झाला. ज्याला लोक सैतानी म्हणतात, त्या ध्वनीच्या मुळाशी एका कामगाराची जखम आहे.

आयोमीच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाने हे नाव एका भयपटावरून घेतले. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, बाजारात आली. नाव भयंकर खरे. परंतु त्यांची बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर डब्लिनहून आलेल्या कॅथलिक कुटुंबात वाढलेला. 'वॉर पिग्ज'मध्ये त्याने युद्ध पेटवून स्वतः सुरक्षित बसणाऱ्यांचा समाचार घेतला, तर 'आफ्टर फॉरएव्हर'मध्ये मरणानंतरच्या आत्म्याचा आणि देवावरील श्रद्धेचा प्रश्न उघडपणे मांडला. ही मंडळी गळ्यात क्रूस घालीत. गायक ऑझी ऑझबर्नच्या कारागीर वडिलांनी ते घडवून दिले होते. दुष्टाचे भय वाटणे आणि दुष्टाची भक्ती करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढे तरी यावरून ध्यानात यावे.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिल्याच गीतात तीन स्वर येतात: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. हा तिसरा स्वर पाश्चात्त्यांच्या ग्रंथांत 'संगीतातील सैतान' म्हणून ओळखला गेला. चाहते मोठ्या अभिमानाने सांगतात की मध्ययुगीन ख्रिस्तसभेने या स्वरांतरावर बंदी घातली होती आणि ते गाणाऱ्यांना शिक्षा होत असे. विरोधकही हीच कथा वेगळ्या हेतूने सांगतात. वस्तुतः असा कोणताही धर्मादेश इतिहासकारांना सापडलेला नाही. जुने गायनशिक्षक ते अंतर टाळावयास सांगत, कारण ते गळ्यातून नेमके काढणे कठीण आणि कानाला अस्थिर. आपल्याकडे षड्जाच्या तंबोऱ्यावर यमन सुरू झाला की तोच तीव्र मध्यम येतो आणि सांजवेळ अधिकच निवांत होते. स्वरात सैतान नसतो. स्वराने माणूस काय सांगू पाहतो, ते पाहावे लागते.

आता उपप्रकारांचा वाद. संथ आणि जड ते डूम; कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या आरंभी 'मेटॅलिका', 'स्लेअर' आदींनी रुजविलेले वेगवान ते थ्रॅश; त्याहून उग्र ते डेथ. एखादे गीत यांपैकी कोणत्या कप्प्यात बसते यावर दोन मित्र तासभर भांडतात, तेव्हा बाहेरच्यांना हसू येते. परंतु हे भेद निरर्थक नाहीत. न्यूकॅसलच्या 'व्हेनम'ने १९८२ साली 'ब्लॅक मेटल' नावाची ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा त्यांचा सैतान बव्हंशी नाटकातला होता. दहा वर्षांनंतर नॉर्वेतील काही तरुणांनी ते नाटक खरे मानले. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळील फान्टोफ्टचे बाराव्या शतकातील लाकडी चर्च आगीत भस्म झाले. इतरही चर्चे जळाली. १९९४ साली तेथील न्यायालयाने या वर्तुळातील एका वादकास खून आणि चर्चे जाळणे या गुन्ह्यांसाठी एकवीस वर्षांची शिक्षा दिली.

या ठिकाणी काही चाहते म्हणतात, "गुन्हा वेगळा, संगीत वेगळे." हे आम्हांला मान्य होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या छताखाली माणसांनी प्रार्थना केली, ते जाळण्याचा गौरव ज्या गीतांतून होतो ती गीते कितीही कुशलतेने वाजविलेली असोत, आम्ही ती ऐकत नाही. पण त्या राखेचा डाग सर्वांच्या कपाळी लावणेही न्यायाचे नाही. याच संगीतात 'स्ट्रायपर' नावाच्या अमेरिकन मंडळींनी ख्रिस्ताचे नाव घेतले आणि भर मैफलीत श्रोत्यांकडे नव्या कराराच्या प्रती फेकल्या. इटलीतील पांढऱ्या दाढीचे कपुचिन संन्यासी चेझारे बोनिझ्झी २००८ साली आपला तपकिरी झगा घालूनच एका मोठ्या मेटल महोत्सवात गायले.

सर्व गोष्टींची पारख करून चांगले ते धरून ठेवावे, असा सल्ला संत पौलाने थेस्सलनीकरांना दिला आहे. पालकांना आमचे सांगणे इतकेच, की मुलाच्या खोलीचे दार लावून घेण्याऐवजी एकदा आत जाऊन बसावे. हे गीत कशाविषयी आहे, असे विचारावे. मूल उत्साहाने वंशावळ सांगू लागेल. त्यातच पारखण्याची सवय लावता येते.

५ जुलै २०२५ रोजी अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर ते चौघे मूळ साथीदार अखेरचे एकत्र आले. आजारी ऑझी आसनावर बसून गायला आणि २२ जुलैला वारला. डूम, थ्रॅश आणि इतर सारे कप्पे विसरून चाहते त्या दिवशी एका मैदानात उभे होते. आयोमीने २०१७ साली बर्मिंगहॅमच्या अँग्लिकन कथीड्रलच्या गायनवृंदासाठी एक रचना केली होती, तिची आम्हांला तेव्हा आठवण झाली. भावाभावांनी ऐक्याने राहण्याचा आनंद सांगणाऱ्या १३३ व्या स्तोत्रावर ती आधारलेली आहे.