आधी विचारावे



बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामातले आम्ही काही स्वयंसेवक परीक्षेच्या दिवसांत अंध विद्यार्थ्यांचे लेखनिक म्हणून जातो. विद्यार्थी सांगतो, आम्ही उतरवून घेतो. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला असावा, असा नियम आहे. म्हणून एम.ए.च्या पेपरला आमच्यासारखे बी.ए. झालेले चालतात.

गेल्या वर्षी इतिहासाच्या पेपरला बसलो होतो. मुलगी भराभर सांगत होती. तिचे एक वाक्य आम्हाला ओबडधोबड वाटले. बी.ए.ला आमचा विषय मराठी. न राहवून आम्ही ते गुपचूप नीट करून लिहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सर, मघाचा परिच्छेद वाचून दाखवा."

वाचला. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "हे मी सांगितलं नाही. खोडा आणि माझंच लिहा. नापास झाले तरी मीच होईन ना?"

आम्ही खाली मान घालून ते खोडले. परीक्षेच्या दृष्टीने तर ती लबाडीच होती. पण त्याहून लागले ते हे की, मदतीच्या नावाखाली आम्ही तिच्या तोंडचे शब्द काढून घेतले होते.

पेपर संपवून बाहेर आलो, तर लिफ्ट बंद. कुबड्या घेऊन चालणारे एक प्राध्यापक जिन्यापाशी उभे होते. त्यांचा तास दुसऱ्या मजल्यावर. मुले त्यांना उचलून न्यायला धावली. ते हसून म्हणाले, "मला वर नका नेऊ रे, वर्ग खाली आणा."

बार्तीमय आंधळा आहे हे तिथे जमलेल्या सगळ्यांना दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याला काय हवे, ते आधी विचारले. मार्कच्या शुभवर्तमानाचा हा दहावा अध्याय आम्ही मुलांना कितीदा शिकवला आहे! त्या दिवशी तो आम्हालाच शिकावा लागला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के पदे दिव्यांगांसाठी राखली आहेत. लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. हा त्यांचा हक्क आहे, आपले उपकार नव्हेत.

आता पेपर सुरू होण्याआधी आम्ही विचारतो, "कसं लिहू? कधी वाचून दाखवू?" आपल्या चर्चच्या पायऱ्यांपाशी थबकणाऱ्यांनाही या रविवारी विचारू या. हात धरण्याआधी विचारू या.

हे प्रभू, आम्हाला ऐकणारे कान दे. आमेन.