कायमचा विषय, हंगामी शिक्षक

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घ्यायची असेल, तर संगणकशास्त्राच्या मुलालाही आणि नर्सिंगच्या मुलीलाही ‘एथ्निक स्टडीज’चा तीन क्रेडिटचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. अमेरिकेतले मूळ रहिवासी, आफ्रिकी-अमेरिकी, आशियाई-अमेरिकी आणि लॅटिनो या चार समूहांचा इतिहास, त्यांच्यावर झालेले अन्याय आणि त्यांनी दिलेले लढे हा त्याचा गाभा. ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या कायद्याने ही सक्ती आणली. तो कायदा मांडणाऱ्या शर्ली वेबर यांनी सॅन डिएगो स्टेटमध्ये कित्येक वर्षं हाच विषय शिकवला होता. साडेचार लाखांच्या आसपास विद्यार्थी असलेल्या या विद्यापीठात विषयाचं स्थान आता पक्कं झालं आहे. शिक्षकाचं मात्र नाही. माणसं मोजली तर इथले निम्म्याहून अधिक अध्यापक ‘लेक्चरर’ या वर्गातले, बहुतेक अर्धवेळ, आणि नव्याने आलेल्यांची नेमणूक सत्रापुरती किंवा वर्षापुरती.

सगळ्या अमेरिकेतच हे वारं आहे. १९८७ मध्ये तिथले सुमारे ४७ टक्के अध्यापक कायम नेमणुकीच्या साखळीबाहेर होते. २०२१ मध्ये हा आकडा ६८ टक्क्यांच्या आसपास गेला. गणित शिकवणाराही त्यात भरडला जातो. पण या विषयाच्या बाबतीत ही गोष्ट जास्त खुपते, कारण त्याचा जन्मच एका अर्धवेळ शिक्षकावरच्या कारवाईतून झाला.

त्याचं नाव जॉर्ज मरे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात तो इंग्रजीचा पदव्युत्तर विद्यार्थी होता, तिथेच शिकवतही होता आणि ब्लॅक पँथर पक्षाचा शिक्षणमंत्री होता. नोव्हेंबर १९६८ च्या सुरुवातीला वरून आदेश आला आणि त्याला निलंबित केलं गेलं. ६ नोव्हेंबरला संप सुरू झाला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना पुढे होती. तिच्या जोडीला लॅटिनो, फिलिपिनो, चिनी, जपानी मुलामुलींची ‘थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट’ ही आघाडी उभी राहिली. डिसेंबरात हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढले आणि त्यांनी तारा उपटून टाकल्या. पोलिसांच्या लाठ्या चालल्या, शेकडो जणांना अटक झाली, जानेवारीत शिक्षकांची संघटनाही संपात उतरली. मार्च १९६९ मध्ये समेट झाला. अमेरिकेतला सर्वांत दीर्घ विद्यार्थी-संप म्हणून आजही त्याचीच नोंद आहे. त्यातून देशातलं पहिलं एथ्निक स्टडीजचं महाविद्यालय उभं राहिलं. मरे यांना परत घ्या, ही मागणी मान्य झाली नाही. कृष्णवर्णीय अभ्यासाचा आराखडा तयार करणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांनाही नोकरीवर ठेवलं गेलं नाही.

ज्या ब्लॅक पँथरांशी मरे जोडलेला होता, त्यांच्याच नावावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘दलित पँथर’ उभारली. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला परका वाटण्याचं कारण नाही.

वर्गात काय घडतं, हे कळायला एक खटला पुरेसा आहे. भगतसिंग थिंद हा पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेला शीख तरुण. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळू शकत असे. थिंदच्या बाजूने असं मांडलं गेलं, की तो उच्चजातीय, आर्य रक्ताचा, म्हणजे गोराच. खालच्या मानलेल्या जातींना त्याच्यासारखे लोक जवळ करत नाहीत, हाही त्याच्या गोरेपणाचा पुरावा म्हणून पुढे केला गेला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो, त्यात हिंदुस्थानी बसत नाही. मग आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घेतली जाऊ लागली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई त्यांतले एक. नागरिकत्व गेलं, त्यासोबत मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. बर्कलीत त्यांनी पूर्वी घर घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी कुलूप लावून कुटुंबाला आत शिरू दिलं नव्हतं. त्याच बर्कलीत आज एका रस्त्याला त्यांच्या पत्नी कला बगाई यांचं नाव आहे.

वर्गात बसलेल्या भारतीय घरातल्या मुलामुलींना हा खटला दोन्ही बाजूंनी टोचतो. आपल्या माणसांना गोरेपणाच्या दाराबाहेर उभं केलं गेलं, हे कळतं. आणि त्या दारातून आत जायला आपल्याच माणसाने जातीची पायरी वापरली, हेही. कुणी चिडतं, कुणी गप्प होतं, कुणाला पहिल्यांदाच घरातल्या बोलण्याचा अर्थ लागतो. कॅलिफोर्निया स्टेटने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. त्यावरून वाद पेटला आणि न्यायालयातही गेला. अशी चर्चा तास संपला म्हणून संपत नाही. मुलं नंतर भेटायला येतात. कुणाला आजीची गोष्ट सांगायची असते, कुणाला भांडायचं असतं. तिथेच हा विषय खऱ्या अर्थाने शिकवला जातो.

आणि तेवढाच वेळ अर्धवेळ शिक्षकापाशी नसतो. दोन वर्ग मिळाले, म्हणजे पूर्ण कामाच्या चार दशांश काम झालं, तर आरोग्यविमा मिळतो. एकच मिळाला तर नाही. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत वेगळी अडचण आहे. एका जिल्हा-संस्थेत पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम हंगामी शिक्षकाला देता येत नाही, म्हणून पोटासाठी तो दुसऱ्या जिल्ह्यात, मग तिसऱ्या जिल्ह्यात शिकवतो. दिवसाचे कित्येक तास महामार्गावर जात असल्याने अशांना तिथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. भेटायला आलेल्या मुलीला द्यायचा अर्धा तास याच प्रवासात जातो. शिवाय पुढच्या सत्रात बोलावणं येणार की नाही हे ठाऊक नसताना थिंदचा खटला जातीसकट शिकवायचा की वरवर उरकायचा, हा प्रश्न रोज समोर असतो. तरीही तो जातीसकट शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांचं धैर्य मोठं आहे, पण विद्यापीठाने त्या धैर्यावर विसंबून राहणं योग्य नाही.

महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आयुष्याची उमेदीची वर्षं घालवणाऱ्या नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या प्राध्यापकांना यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. सुट्टीत पगार नाही, जूनमध्ये बोलावणं येईल याची खात्री नाही. चळवळींनी विद्यापीठात आणलेल्या विषयांची गत आपल्याकडेही वेगळी नाही. कितीतरी स्त्री अभ्यास केंद्रं योजनेच्या मुदतवाढीकडे डोळे लावून चालत आली आहेत.

हे बदलता येतं. २२ जानेवारी २०२४ रोजी कॅलिफोर्निया स्टेटच्या २३ परिसरांतले अध्यापक संपावर गेले. पाच दिवसांचा ठरलेला तो संप पहिल्याच दिवशी मिटला, आणि झालेल्या करारात सर्वांत कमी पगाराच्या लेक्चररांचं किमान वेतन वाढलं. सहा वर्षं सलग शिकवलेल्या लेक्चररला तीन वर्षांची नेमणूक मिळते, तीही संघटनेच्या करारामुळेच. पण त्यासाठी आधीची सहा वर्षं तगून राहावं लागतं. विषय सक्तीचा करतानाच तो शिकवणाऱ्यांची पूर्णवेळ पदं कायद्याने बांधून द्यायला हवी होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ती तरतूद आता तरी करावी.