त्वेरमधले ताट

बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. बहामनी राज्याचा धडा आला, की पुस्तकात नसलेला एक पाहुणा मी वर्गात हमखास आणी. त्याचे नाव अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा गलबतात चढवून निघाला आणि खंबायतेवरून चौलला उतरला. आता खंबायतेहून चौलला यायचे, तर आमच्या वसईचा किनारा डाव्या हाताला ठेवूनच यावे लागते. पोर्तुगीजांना वसई मिळायला तेव्हा पासष्ट वर्षे अवकाश होता. "आपल्याकडच्या एखाद्या कोळ्याने त्याचे शीड पाहिलेही असेल!" असे मी सांगे. पुरावा काही नाही. पण पोरे त्या दिवशी झोपत नसत, हे खरे.

घरी मी त्याच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या, की हे म्हणत, "एकदा जाऊन ये बाई त्या अफनासीच्या गावी!" मी म्हणे, "जाऊन ये नव्हे, जाऊन येऊ." ते राहिले. हे गेल्यावर सांडोरच्या आमच्या एवढ्या मोठ्या घरात माझे एकटीचे ताट कधी मांडले गेले नाही. ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्यातच दोन घास कालवले, की झाले जेवण. तसे पाहिले तर सासूबाईंच्या काळापासून मी शेवटीच जेवत आले. पण तेव्हा निदान स्वयंपाकघराच्या दाराशी बसून हे काहीबाही बोलत असत.

२०१९ च्या सप्टेंबरात मुलाने मला एका मंडळाबरोबर रशियाला धाडले. मॉस्कोत एक दिवस खरेदीसाठी मोकळा होता. मला काही घ्यायचे नव्हते. मार्गदर्शक मुलीकडून मी एका चिठ्ठीवर रशियनमध्ये 'त्वेर, जाऊन-येऊन' एवढे लिहून घेतले आणि मंडळातल्या बायका डोळे विस्फारून बघत असताना लेनिनग्राद स्टेशन गाठले. गाडीचे नाव लास्तोच्का, म्हणजे पाकोळी. विरार गाडीत जन्म गेलेल्या मला खिडकीची जागा मिळाली आणि चौथी सीट मागायला कुणी आले नाही, याचेच अर्धा तास कौतुक वाटत होते. दोन तासांच्या आत त्वेर आले.

गाव व्होल्गेच्या काठी आहे. १७६३ च्या आगीत ते बेचिराख झाले. मग कॅथरीन राणीने नव्याने आखून घेतले. एका चौकातून तीन रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे फुटतात. १९३१ ते १९९० पर्यंत त्याचे नाव कालिनिन होते. १९४१ त जर्मनांनी दोन महिने ते ताब्यात ठेवले. १९३५ त सुरुंग लावून पाडलेले जुने कॅथीड्रल मी गेले तेव्हा पुन्हा उभे राहत होते. नदीकाठी अफनासीचा पुतळा आहे, १९५५ चा. नावेच्या नाळेवर उभा, नजर लांब. नेहरूंनी ख्रुश्चेव्हना "त्याचा पुतळा आहे ना?" असे विचारले, त्यांनी "आहे तर!" म्हटले आणि मग घाईने उभारला, अशी एक गमतीची वदंता आहे. खरेखोटे देव जाणे.

मी पुतळ्यापाशी बराच वेळ बसले. या माणसाच्या लिखाणात मला नेहमी त्याची भूक दिसते. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल म्हणून धमकावले. खुरासानच्या एका महंमद खोजाने रदबदली केली, तेव्हा सुटला. जवळची पुस्तके वाटेत लुटली गेली होती, त्यामुळे आपल्या सणांच्या आणि उपासांच्या तिथ्याच त्याला उमगेनात. महिनाभर तो नुसत्या भाकरी-पाण्यावर राहिला. आणि आपल्या लोकांविषयी त्याने काय टिपून ठेवले? तर ही माणसे एकमेकांबरोबर जेवत नाहीत, कुणी कुणी तर बायकोबरोबरही नाही. प्रवासात ज्याचे त्याचे भांडे वेगळे. जेवताना परक्याची नजर पडू नये म्हणून काही जण वर कापड धरतात. चार वर्षे परमुलखात राहून ज्याला कुणी आपल्या पंगतीला घेतले नाही, त्याची ही टिपणे! परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला. त्वेरच्या घरचे जेवण त्याच्या नशिबी नव्हते.

मला एकाएकी सपाटून भूक लागली.

त्यांच्याकडे स्तलोवाया म्हणून साधी खानावळ असते. तबक घ्यायचे, सरकत जायचे, बोटाने दाखवायचे. मी आंबवलेल्या कोबीचे श्ची नावाचे सार घेतले, त्यावर वाढणारीने न विचारता स्मेतानाचा, म्हणजे घट्ट आंबट सायीचा, गोळा टाकला. ग्रेच्का घेतला; हा आपल्या उत्तरेकडचा उपासाचा कुट्टू, इथे मऊ भातासारखा शिजवलेला. काळ्या पावाचे दोन तुकडे. राईच्या पातळ पारीत बटाटा भरून कडा चिमटलेली एक कलित्का. त्या मुलखात स्थायिक झालेल्या कारेलियन लोकांचा हा पदार्थ. कडेच्या चुण्या पाहून मला आमच्या करंजीची मुरड आठवली, मात्र हिचे पोट उघडे.

पैसे देताना गल्ल्यावरच्या बाईने माझ्या तबकाकडे पाहिले, मग माझ्यामागे पाहिले, मग दाराकडे. माझ्या लक्षात आले, की मी चमचे दोन घेतले होते.

परत ठेवायला हात गेला नाही. तबक घेऊन खिडकीशी बसले. सारातली वाफ चष्म्यावर आली, हे एका परीने बरेच झाले. आधी वाटले, लोक बघताहेत. कुणी बघत नव्हते. श्ची आमच्या आंबट वरणाची लांबची बहीण निघाली. काळा पाव पहिल्या घासाला कडवट, तिसऱ्या घासाला गोडसर लागला. मी सावकाश जेवले. बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गरम. सारे संपवले.

उठताना पिशवीतली सुकेळी काढली. वाडीतल्या राजेळीची, सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्या सोपटात बांधलेली. गल्ल्यावरच्या बाईपुढे ठेवली. तिने वास घेतला, चावा घेतला आणि आत हाक मारली. आतून वाढणारी आली, तिच्यामागून भांडी घासणारी आली. तिघी तिथेच उभ्या राहून खाऊ लागल्या. मी हाताने खूण केली, की बसा, बसून खा. त्या हसल्या आणि खरेच बसल्या.

सांडोरला परतल्यावर श्ची करून पाहिली. कोबी आंबवताना घरभर वास सुटला, नातवाने नाक धरले आणि मुलगा म्हणाला, "आई, यात कोकम घातले असते तर!" रविवार होता. सुनेने ताटे घेतली आणि सवयीने विचारले, "आई, तुम्ही मागाहून ना?"

"नाही ग," मी म्हटले, "माझेही मांड. आणि ते सार आधी मला वाढ, निवले की बेचव होते."