भाज्यात रुळणारे परदेशी भाषाशिक्षक

युरोप-अमेरिकेत जून ते ऑगस्ट ही उन्हाळ्याची सुट्टी असते. त्या सुट्टीत शिबिरात भाषा शिकवण्यासाठी भाज्याला येणारे तरुण शिक्षक मावळच्या ऐन पावसात येऊन दाखल होतात. भाजे हे लोहगड आणि विसापूर या किल्ल्यांच्या पायथ्याचे गाव. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडायचा आणि पुढे चालत राहायचे. १९९० पासून येथे ‘संपर्क’ संस्थेचे बालग्राम आहे. निराधार मुलांसाठी चालणाऱ्या या कामामुळे परदेशी स्वयंसेवक गावाला अनोळखी राहिलेले नाहीत. पुढील माहिती मात्र त्या संस्थेची नाही. गावातल्या एका लहानशा, घरगुती इंग्रजी वर्गात प्रस्तुत लेखिकेने परदेशी पाहुण्यांच्या जोडीने शिकवले, त्या अनुभवावर ती आधारलेली आहे.

आपल्याकडच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडलेल्या असतात. त्यामुळे भाज्यातले शिबिर म्हणजे शाळा सुटल्यावरचे दोन तास आणि रविवारची सकाळ. मुदतही ठरलेली असते. ई-पर्यटक व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवेला जास्तीत जास्त एक महिन्याची मुभा आहे. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी ज्याच्या घरी तो राहतो त्याची असते. गावातल्या घरमालकांना या कामाची धास्ती वाटते. ते स्थानिक शिक्षकाने शेजारी बसून पहिल्याच दिवशी उरकलेले बरे, कारण पाहुण्याविषयीचे निम्मे गैरसमज त्या कागदांपाशीच मिटतात.

राहण्याची सोय बहुधा एखाद्या घराच्या पडवीलगतच्या खोलीत होते. पहिला आठवडा कपडे वाळण्याच्या विवंचनेत जातो. लोणावळ्याच्या आसपास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्येच कोसळतो. पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना बुरशी धरते, लाइट जाते, मोबाइलची रेंज डोंगराच्या कुशीत सापडत नाही. घरातल्या मावशी ओले कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकतात आणि शिक्षकाच्या अंगाला धुराचा वास लागतो. या वासाची सवय झाली की पाहुणा निम्मा रुळला असे समजावे. जेवणाचा प्रश्न त्या मानाने सोपा असतो. तांदळाची भाकरी, आमटी आणि इंद्रायणीचा भात बहुतेकांना पहिल्या घासापासून आवडतो. हे वाण १९८७ मध्ये जवळच्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून प्रसारित झाले. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार झाले आहे. शिजताना सुटणारा वास आणि मऊ, किंचित चिकट शिते हा आंबेमोहोराकडून आलेला वारसा.

वर्गातली अडचण निराळीच असते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. सातवीतल्या मुलाला त्यामुळे धडा वाचता येतो, प्रश्नोत्तरे लिहिता येतात, स्पेलिंगही पाठ असते. बोलायची वेळ आली की मात्र तो खाली मान घालतो. चुकलो तर बाक हसेल, ही धास्ती त्याच्या मनात पक्की असते. परदेशातून आलेला शिक्षक हे मौन म्हणजे अज्ञान समजतो आणि मुळाक्षरांपासून सुरुवात करतो. त्यात पहिले काही दिवस फुकट जातात. एका महिन्यात कोणतेही व्याकरण पक्के होत नाही, त्याचा प्रयत्नही करू नये, असे लेखिकेचे ठाम मत आहे. त्या महिन्यात मुलांची भीड मोडली तरी काम झाले. व्याकरण शाळा शिकवतच असते. चुका करत बोलण्याची मोकळीक मात्र शाळेत मिळत नाही आणि परीक्षेत तर नाहीच.

ही भीड कशी मोडते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. जुलैत भातलावणी सुरू झाली की वर्गातली अर्धी मुले शेतावर असतात. एकदा आयर्लंडहून आलेल्या एका शिक्षिकेचा वर्ग असा रिकामा पडला. बर्फ आणि स्ट्रॉबेरीची चित्रे असलेली तिची कार्डे टेबलावर तशीच राहिली. लेखिका तिला घेऊन विद्यार्थ्यांपैकी एका मुलीच्या खाचरावर गेली. चिखलणी झालेली होती, आवणातून उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधावर पडल्या होत्या. शिक्षिका पोटऱ्यांपर्यंत चिखलात उतरली आणि रोपे मुठीने खोल खुपसू लागली. तोवर वर्गात तोंड न उघडलेली ती मुलगी मागे वळली आणि म्हणाली, “नो टीचर, टू डीप! लाइट, लाइट!” मग तिने दोन-तीन रोपे अंगठा आणि दोन बोटांत धरून चिखलात हलकेच टेकवली, हात पुढे सरकवला, पुन्हा टेकवली. रोप खोल गेले की फुटवे कमी येतात, हे तिला आजीकडून ठाऊक होते. ते इंग्रजीत सांगण्यासाठी तिने “स्मॉल स्मॉल प्लांट नॉट कमिंग” असे वाक्य जुळवले. वाक्य अशुद्ध होते, अर्थ पूर्ण होता, आणि सांगणारीला त्या क्षणी हसे होण्याची भीती उरलेली नव्हती, कारण शिकणारी बाई दुसरी होती. पुढे त्या शिबिरात मुलांनी शिकवायचे आणि शिक्षिकेने शिकायचे असा एक तास रोज ठेवला गेला. मासे कसे धरायचे, भाकरी कशी थापायची, सागरगोटे कसे खेळायचे. ओट्यावर बसलेल्या आयाबायाही मधूनच एखादा शब्द टाकू लागल्या.

शनिवार-रविवार हे शिकवण्याच्या दृष्टीने कठीण दिवस. धबधब्यांसाठी पुण्या-मुंबईहून एवढी गर्दी लोटते की गावातल्या अरुंद रस्त्यावर गाड्या तासन् तास अडकतात. मोठी मुले त्या दिवशी कणसे आणि चहा विकायला आईवडिलांना मदत करतात. बोलीभाषेचा सराव म्हणून शिक्षकांनी या टपऱ्यांवर बसावे, हा मार्ग लेखिकेला मान्य नाही. तेथे मुलांवर कामाचा ताण असतो. त्याऐवजी रविवारी भल्या सकाळी, गर्दी येण्याआधी, लेण्यांकडे जाणे चांगले.

इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातली ही बौद्ध लेणी मुलांच्या रोजच्या नजरेतली आहेत. चैत्यगृहाच्या छताला त्या काळातल्या लाकडी कमानी आजही आहेत. अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. हे सगळे दाखवणारी मुले असतात, शिक्षक फक्त प्रश्न विचारतो. या भेटीला खोऱ्याच्या पलीकडच्या कार्ल्याची जोड जरूर द्यावी. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या लोकांनी, दान केलेले आहेत. त्यांचे दानलेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात कोरलेले असून त्यांतल्या एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी परक्या माणसांनी या खोऱ्यात येऊन इथली भाषा आणि इथली नावेही आपली केली, हे दूरदेशाहून आलेल्या शिक्षकाला कळणे फार मोलाचे आहे. त्याचा एकटेपणा त्याने हलका होतो, असे लेखिकेने प्रत्यक्ष पाहिले आहे.

एकटेपणा हा या मुक्कामातला खरा त्रास. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो, शेवटच्या आठवड्यात निघण्याची घाई. मधल्या काळात, संततधार लागलेली असताना, शिक्षक खोलीत गप्प बसू लागतो. अशा वेळी त्याला लोकलने लोणावळ्याला किंवा पुण्याला एक फेरी मारू द्यावी. दुपारी बराच वेळ लोकल नसते, तेव्हा वेळापत्रक पाहूनच निघावे. घरातल्या मावशींनी त्याला स्वयंपाकघरात बोलावून लसूण सोलायला बसवणे हा दुसरा उपाय, आणि तो अधिक गुणकारी.

निघताना शिक्षकाने एक वही भरून ठेवावी, ही प्रथा त्या वर्गात पडली. कोणते मूल कशावर बोलते, कोण फक्त गटात बोलते, कोणाच्या शेताची लावणी कधी असते, कोणत्या खेळाने वर्ग उघडतो, याच्या नोंदी त्यात असतात. पुढच्या वर्षीचा शिक्षक आला की स्थानिक शिक्षिका त्याच्याबरोबर ती वही वाचते आणि पहिला वर्ग त्या नोंदींवरून आखला जातो.