चौरागडच्या पायऱ्या आणि माऊचा निळा पंप

तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर असा एखादा ग्रुप असेलच, ज्याच्या नावात ट्रिप आहे आणि ट्रिप मात्र कधीच निघत नाही. आमच्या ग्रुपचं नाव होतं 'पचमढी पक्कं'. तीन वर्षं ते पक्कं होत होतं. कधी कुणाची परीक्षा, कधी कुणाच्या ताईचं लग्न, कधी कुणाला सुट्टीच नाही. शेवटी गुड्डीला हैदराबादला नोकरी लागली, जायची तारीख ठरली, आणि आम्हाला कळलं की आता नाही गेलो तर चौघी मिळून कधीच जाणार नाही. नोव्हेंबरातला एक शनिवार-रविवार धरला आणि रात्रीच तिकिटं काढली.

चौघी म्हणजे गुड्डी, चिंगी, माऊ आणि मी. ही घरातली हाकेची नावं. खरी छापली तर तिघी माझ्याशी बोलायच्या नाहीत.

आम्ही जबलपूरच्या गढा भागातल्या. आज मेडिकल कॉलेज, बाजार आणि ऑटोंच्या गर्दीत लक्षात येत नाही, पण एके काळी गोंड राजांची राजधानी इथेच होती. इतिहासाच्या पुस्तकातल्या 'गढा-मंडला'मधला गढा तो हाच. 1564 साली मुघल सैन्याशी लढताना प्राण देणारी राणी दुर्गावती याच राज्याची. आमच्या गच्चीवरून मदन महलची टेकडी दिसते. वर एका प्रचंड खडकावर छोटासा महाल उभा आहे आणि थोडं खाली तो प्रसिद्ध 'बॅलन्सिंग रॉक', एका दगडावर जेमतेम टेकलेला दुसरा दगड. 22 मे 1997 च्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली, हा दगड मात्र हलला नाही. आमचा जन्म त्यानंतरचा, पण घरोघरी ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठ्या झालो.

दारातच टेकडी असताना पचमढीचं एवढं वेड कशाला? माझ्यापुरतं सांगते, आजोबांमुळे. 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. राजधानी नागपूर, आणि उन्हाळ्यात सरकारी कारभार पचमढीला हलायचा. 'साहेब लोक फायलींसकट थंड हवेला जायचे,' असं आजोबा सांगायचे. ते स्वतः कधी गेले नाहीत. आमच्या घरात पचमढी हे नाव असंच, न गेलेल्या गावाचं.

मदन महल ते पिपरिया

निघायच्या आदल्या रात्री चारही घरांतून चार तऱ्हेचे फोन. गुड्डीच्या आईला हॉटेलचा पत्ता हवा होता. चिंगीच्या बाबांना परतीच्या गाडीचा नंबर. माझ्या आईने पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी आणि गूळपापडी असा डबा भरला, जणू आम्ही दोन दिवसांना नाही, दोन आठवड्यांना चाललो होतो. माऊची आई मात्र स्वतः घरी आली. काकूंनी फक्त एवढंच म्हटलं, "माऊकडे लक्ष ठेव गं. ती स्वतः काही बोलणार नाही."

माऊला लहानपणापासून दमा आहे. थंडीत आणि चढावर जास्त त्रास होतो. मी म्हटलं, "काकू, काळजीच करू नका." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गढ्यातल्या लोकांना जबलपूरच्या मोठ्या स्टेशनापेक्षा मदन महल स्टेशन जवळ पडतं. तिथून इटारसीकडे जाणारी सकाळची गाडी धरली की अडीच-तीन तासांत पिपरिया. हा रेल्वेमार्ग 1870 सालचा. तो पूर्ण झाला तेव्हा मुंबई आणि कलकत्ता पहिल्यांदा रेल्वेने जोडले गेले. भेडाघाट मागे पडलं की गाडी नर्मदेवरून जाते आणि डब्यातले सगळे हात आपोआप जोडले जातात. पुढे नरसिंहपूर, गुळासाठी प्रसिद्ध असलेली करेली, मग तुरीच्या डाळीचं गाडरवारा. करेली आलं तशी आम्हाला आईच्या गूळपापडीची आठवण झाली आणि डबा तिथेच निम्मा संपला.

पिपरियाहून पचमढी साधारण 50 किलोमीटर. बस मिळते, शेअर जीपही मिळते. मटकुलीला देनवा नदी ओलांडली की घाट सुरू होतो आणि हवा बदलते. गढ्याच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या, गोल गुळगुळीत दगडांच्या. इथे मात्र वालुकाश्माचे उभे, लालसर कडे, आणि सागाबरोबर साल वृक्षांचंही जंगल. गाव सुमारे 1067 मीटर उंचीवर आहे. स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका, आमच्यासारखं बसमध्ये सगळं सामान उपसावं लागेल.

पहिल्या दिवशी जवळची ठिकाणं केली. जटाशंकर, पांडव गुंफा, आणि जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा 1862 सालचा बायसन लॉज. लांबच्या आणि जंगलातल्या ठिकाणांसाठी स्थानिक जिप्सी करावी लागते. चौघांत भाडं वाटलं की परवडतं. रात्री खोलीत चिंगीने दुसऱ्या दिवसाचा कागद काढला: सकाळी चौरागड, दुपारी बी फॉल, संध्याकाळी धूपगड. एका दिवसात तिन्ही. माऊ म्हणाली, "जमेल ना आपल्याला?" आपल्याला, म्हणजे तिला. ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बॅग माझ्याकडे दे

चौरागड हे महादेवाचं ठिकाण. विदर्भातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. महाशिवरात्रीला तिकडून हजारो भाविक खांद्यावर त्रिशूळ घेऊन येतात. नवस फेडायला वाहिलेल्या त्रिशुळांचे वर ढीग आहेत, हातभर लांबीच्या त्रिशुळापासून चार माणसांनी उचलावा लागेल अशा त्रिशुळापर्यंत. पायथ्याच्या महादेव गुंफेपासून आधी जंगलातली वाट आहे आणि मग 1300 च्या आसपास पायऱ्या.

सुरुवातीलाच मी मोठ्या मनाने माऊला म्हटलं, "तुझी बॅग माझ्याकडे दे. मोकळी चाल." तिने दिली. आम्ही निघालो. गुड्डी रोज धावायला जाते, ती पुढे. चिंगीला प्रत्येक वळणावर फोटो हवा, म्हणून ती गुड्डीच्या मागे पळत. मी त्या दोघींना गाठायच्या नादात. माऊ सुरुवातीला दहा पावलं मागे होती, मग एक वळण मागे, मग दिसेनाशी झाली. मागे वळून मी दोनदा "येतेयस ना?" असं ओरडले. पहिल्यांदा खालून "हो" आलं. दुसऱ्यांदा काही ऐकू आलं नाही, तर मी धरून चालले की आलंच असेल.

निम्म्याहून जास्त पायऱ्या झाल्यावर चिंगीला तहान लागली. पाण्यासाठी मी माऊची बॅग उघडली. बाटलीच्या शेजारच्या कप्प्यात तिचा निळा पंप होता.

तो क्षण मला अजून नीट सांगता येत नाही. तिचं ओझं कमी करायला म्हणून मी तिचं औषधच तिच्यापासून लांब नेलं होतं. फोन लावला, लागला नाही. मी बॅग छातीशी धरून खाली पळत सुटले. वरून येताना पायऱ्या किती उंच वाटतात ते तेव्हा कळलं. दोनदा घसरले. वाटेत वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "पिवळ्या स्वेटरची मुलगी दिसली का?" एक जण म्हणाला, खाली दुकानाशी बसली आहे. बसली आहे म्हणजे कशी बसली आहे, हे विचारायचा धीर झाला नाही.

लिंबू-सरबताच्या छोट्या दुकानाच्या बाकावर माऊ पुढे वाकून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास लागलेला, ओठ सुकलेले. शेजारी नऊवारीतल्या एक आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि आजोबा उपरण्याने वारा घालत होते. मी पंप दिला. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा माऊने तो सावकाश घेतला, थोडं थांबून परत घेतला. काही मिनिटांनी तिचे खांदे खाली आले. मग ती मला म्हणाली, "सॉरी यार, तुमचा वेळ गेला."

मला रडूच फुटलं. आजींनी माझ्याकडे बघितलं. "तिची दवाई तुयापाशी, अन् तूच पुढं पयत सुटली व माय?" मला उत्तर नव्हतं.

ते दोघं अमरावतीकडचे. नातू दुखण्यातून उठला म्हणून वीतभर त्रिशूळ वाहायला आले होते. आजींचे गुडघे दुखायचे. त्यांची पद्धत सोपी होती: 20 पायऱ्या चढायच्या आणि बसायचं. मग परत 20. "महादेव कुठी पयून चालला का? कायले घाई करता?"

एव्हाना गुड्डी आणि चिंगीही धापा टाकत खाली आल्या होत्या. आम्ही अर्धा तास तिथेच बसलो. मी म्हटलं, परत जाऊ. माऊने आधी स्वतःच्या श्वासाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "यांच्या चालीने जमेल मला. पण परत त्रास झाला तर सगळ्याच उतरायचं." या वेळी आम्ही तिघींनी नुसती मान हलवली नाही, तोंडाने 'हो' म्हटलं. पंप तिच्या खिशात गेला.

मग पुढे माऊ आणि आजी, मागे आम्ही. 20 पायऱ्या, बसणं. 20 पायऱ्या, बसणं. बसल्यावर काय दिसतं माहीत आहे? पहिल्या फेरीत जे एकदाही दिसलं नव्हतं ते सगळं. खाली सातपुड्याच्या एकामागे एक रांगा, कड्याच्या कपारीत लटकलेली मधाची पोळी, पायरीच्या फटीतून उगवलेलं नेचं. आजोबांनी सांगितलं की तरुणपणी ते गावाहून चालत यात्रेला यायचे आणि तेव्हाही असंच, सगळ्यात थकलेल्या माणसाच्या चालीने. 'नाहीतर त्याले यात्रा कशी म्हणाव?'

वर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. आजींनी त्रिशूळ वाहिला आणि माऊला सांगितलं, "माया नातवासाठी नवस होता, आता तुया श्वासासाठी हात जोडला." माऊ हसली. त्या दिवशीचा माझ्याकडे एकच फोटो आहे, तोही दुकानातल्या मुलाने काढलेला: त्रिशुळांच्या ढिगापाशी सहा जण बसलेले.

बी फॉल राहिला. धूपगड मात्र झाला, कारण तिथे जिप्सी वरपर्यंत जाते. 1352 मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच ठिकाण. सूर्य बुडेपर्यंत चौघी एका शालीत बसलो. गुड्डी म्हणाली, "हैदराबादला मला थांब म्हणणारं कुणी नसेल." त्यावर कुणी काही बोललं नाही.

तुम्ही जाल तेव्हा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण लांब सुट्ट्यांना खोल्या आधीच भरतात, तेव्हा बुकिंग लवकर करा. महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या नागद्वार यात्रेच्या दिवसांत गर्दी प्रचंड असते. यात्रा करायची नसेल तर ते दिवस टाळा. माकडांपुढे खाऊ काढू नका. एका दिवसात दोनच ठिकाणं ठरवा. फोनवर विसंबू नका, कुठे थांबायचं आणि कुठे भेटायचं ते चढण्याआधीच बोलून घ्या. आणि औषध ज्याचं त्याच्या अंगावर, खिशात. बॅग उचलायची तर उचला, पण त्याच्या शेजारून चाला.

घरी आल्यावर काकूंना सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. माऊ म्हणाली, नको सांगूस. तिसऱ्या दिवशी मी गेलेच आणि सगळं सांगितलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून चहा ठेवला आणि म्हणाल्या, "दर रविवारी टेकडीवर नेत जा तिला. हळूहळू."

आता रविवारी सकाळी माऊ, चिंगी आणि मी मदन महलची टेकडी चढतो. गुड्डी हैदराबादहून व्हिडिओ कॉलवर असते. माऊ पुढे. बॅलन्सिंग रॉकपाशी पहिला मुक्काम, मग वर महालापाशी दुसरा. लहानपणी आम्ही ही टेकडी दहा मिनिटांत पळत चढायचो. आता पाऊण तास लागतो.

ग्रुपचं नाव बदललंय. आता ते 'वीस पायऱ्या' आहे.